प्रस्तावना : मुलांच्या हातावरील शस्त्रक्रिया आणि तिच्यानंतरचा पहारा

मुलाचा हात मोडणे ही राहुरीसारख्या तालुक्याच्या गावी इतकी नित्याची गोष्ट आहे की, तिच्यासाठी स्वतंत्र पुस्तक लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात आरंभीच उभा राहिला तर ते स्वाभाविक होय. चिंचा गाभुळल्या की मुले झाडावर चढतात, मुळा नदीच्या काठच्या मळ्यांत जांभळे पिकली की तेथेही चढतात, आणि गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाने लादलेल्या टायरगाडीच्या मागे लोंबकळत कारखान्याच्या दिशेने जातात. पडताना अंग सावरण्यासाठी मूल हात पुढे करते, सारा भार तळहातावरून मनगटात आणि मनगटातून कोपराखालच्या भागात, म्हणजे अग्रबाहूत, उतरतो, आणि तेथील दोन हाडांपैकी एक किंवा दोन्ही मोडतात. बालवयातील अस्थिभंगांत या भागाचा क्रम अगदी वरचा लागतो, आणि त्यांतले बहुसंख्य मनगटाकडील तिसऱ्या हिश्शात घडतात. यांतली बहुतेक मुले प्लास्टरने पूर्ववत होतात व पुढच्या हंगामात पुन्हा चिंचेवर चढतात. त्यांच्याविषयी येथे फारसे काही नाही. ज्या थोड्यांच्या हातावर शस्त्रक्रिया करावी लागते, आणि त्या थोड्यांतही ज्यांना शस्त्रक्रियेनंतर काही उपद्रव होतो, त्यांची कैफियत मांडण्यासाठी हे पुस्तक आहे.

शस्त्रक्रिया म्हटली की आईबापांचे सारे लक्ष शस्त्रक्रियागृहाच्या दाराकडे लागते, आणि डॉक्टरांनी बाहेर येऊन "रॉड व्यवस्थित बसला" एवढे सांगितले की संकट टळले, असे ते धरून चालतात. ही समजूत निराधार नाही, परंतु अपुरी आहे. अग्रबाहूवरील शस्त्रक्रियेच्या उपद्रवांकडे बारकाईने पाहिले असता असे दिसते की, त्यांतील प्रत्येकाची आपापली मुदत आहे : एक पहिल्या रात्रीचा, दुसरा पहिल्या पंधरवड्याचा, तिसरा दोन-तीन महिन्यांचा, आणि चौथा सहा महिने ते वर्षाच्या पल्ल्यावरचा. या प्रत्येक मुदतीत मुलाच्या सर्वांत जवळ असते ती आई, आजी किंवा साखरशाळेतील गुरुजी. शस्त्रवैद्य त्या वेळी दुसऱ्या रुग्णाजवळ असतो. ज्याच्या नजरेस उपद्रव प्रथम पडायचा त्यालाच तो ओळखता आला नाही, तर उत्तम हातांनी केलेली शस्त्रक्रियाही निष्फळ ठरण्याचा संभव असतो. पुढील प्रकरणांत जे आहे ते या एका विधानाचा विस्तार होय.

मोडलेल्या हाडाच्या उपचारातूनच इजा उद्भवू शकते, हे ज्ञान आजचे नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नांचा स्वतंत्र अध्याय आहे. उंबर, पिंपळ, पळस, वड यांच्या साली आणि बांबूच्या कांब्या यांनी मोडलेला अवयव बांधावा असे सांगून आचार्य तेथे लगेच बजावतात की, बंध सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाही आणि फार आवळला तर सूज, वेदना व पू यांना निमंत्रण मिळते. शीत ऋतूत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाचव्या दिवशी आणि उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी बंध सोडून पुन्हा बांधावा, हा त्यांचा दंडक पाहिला म्हणजे बांधण्याइतकेच बांधल्यानंतर पाहण्याला त्यांनी महत्त्व दिले होते, हे ध्यानात येते. बाल्यात हाड एका महिन्यात स्थिर होते, मध्यम वयात दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, हे त्यांचे निरीक्षणही आजच्या अनुभवाशी बरेचसे जुळणारे आहे. खेड्यापाड्यांतील हाडवैद्यांनी या परंपरेतील कांब्या तेवढ्या उचलल्या, आणि त्यांतील पुष्कळांच्या हाती खरोखरच गुण असला तरी, बंध सोडून पाहण्याचा दंडक मात्र अनेक ठिकाणी लुप्त झाला.

युरोपातील इतिहास याहून फारसा वेगळा नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस माखलेली पट्टी मातायसेन या डच लष्करी शस्त्रवैद्याने 1852 च्या सुमारास प्रचारात आणली. आणि पुढे तीसएक वर्षांनी, 1881 साली, जर्मनीतील हाले येथील रिशार्ड फोन फोल्कमान याने घट्ट बंधनाखाली रक्तपुरवठा तुटल्याने हाताचे स्नायू मरतात व बोटे कायमची आखडतात, त्या अवस्थेचे वर्णन केले, जी आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. दरम्यान 1865 च्या ऑगस्टमध्ये ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर याने गाडीखाली सापडून पायाचे हाड मोडलेल्या एका 11 वर्षांच्या मुलाच्या उघड्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी ठेवली आणि जखम पू न होता भरून आली. जंतुघ्न शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा आरंभच अशा रीतीने एका मुलाच्या मोडलेल्या हाडापाशी झाला आहे. 1895 साली राँटजेनने क्ष-किरण शोधले, त्यानंतर मार्टिन किर्शनरने पोलादी तारा प्रचारात आणल्या, आणि 1980 च्या आगेमागे फ्रान्समधील नान्सी येथे मेतेझो, प्रेवो व लिजिए यांच्या मंडळीने लवचीक सळईने मुलांची हाडे आतून धरून ठेवण्याची पद्धत सिद्ध केली. आपल्याकडील दवाखान्यांत जिला सर्रास 'टेन्स नेल' किंवा नुसताच 'रॉड' म्हणतात, ती टायटॅनियमची सळई या पद्धतीची देणगी होय.

आता मूळ रचनेकडे वळू. अग्रबाहूत अंगठ्याच्या बाजूला रेडियस आणि करंगळीच्या बाजूला अल्ना अशी दोन हाडे असतात. अल्ना बव्हंशी सरळ, तर रेडियसला एक सौम्य बाक आहे. आणि हा बाक आहे म्हणूनच ते अल्नाभोवती फिरू शकते व तळहात पालथा-उताणा होतो. भाकरी थापणे, पाण्याचा तांब्या ओतणे, दान स्वीकारण्यासाठी हात पसरणे, या साऱ्या क्रिया त्या एका फिरण्यावर अवलंबून आहेत. मांडीचे हाड जरासे वाकडे जुळले तर माणूस चालू शकतो. परंतु अग्रबाहूच्या दोन हाडांमधील अंतर किंवा रेडियसचा बाक बिघडला तर हात दिसायला सुबक राहूनही ऐन वेळी पालथा होत नाही.

निसर्गाने मात्र बालकांना एक मोठी सवलत दिली आहे. मुलांच्या हाडावरचे आवरण जाड व चिवट असते. त्यामुळे ते हाड पुष्कळदा दोन तुकडे न होता ओल्या फोकासारखे एका बाजूने चिरते व दुसऱ्या बाजूने वाकते. शिवाय वाढीबरोबर हाड स्वतःला सरळ करीत जाते. वयाच्या आठ-नऊ वर्षांपर्यंत साधारण 15 अंशांचा बाक पुढे भरून निघतो, मनगटाजवळचा तर त्याहूनही अधिक. वय जसे वाढते तसा हा हिशेब आखडत जातो, आणि हाडाला पडलेला पीळ तर वाढीने नीटसा सुटतच नाही. ही किमया मुख्यतः मनगटाजवळच्या वाढीच्या चकतीची आहे. या हाडांच्या लांबीतील तीनचतुर्थांशांहून अधिक वाढ तेथूनच होते. एक्स-रेची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली की मनगटाजवळ एक आडवी काळी रेघ दिसते, आणि मुलाचा बाप हटकून तिच्यावरच बोट ठेवून विचारतो, "इथंच मोडलंय ना, डॉक्टर?" ती रेघ मोडलेली जागा नसते, ती मुलाच्या वाढीचे खातेच असते. शस्त्रक्रियेत तार किंवा सळई या चकतीतून आडवीतिडवी गेली तर एक हाड वाढते व दुसरे थांबते, आणि त्याचा परिणाम वर्षा-दोन वर्षांनी मनगट तिरपे झाल्यावर कळतो. म्हणून सळई घालताना शस्त्रवैद्य चकतीच्या अलीकडे हाडाला छिद्र पाडतो.

एवढी अनुकूलता असता शस्त्रक्रिया करावी तरी केव्हा? हाड कातडी फोडून बाहेर आले असेल, दोन्ही हाडे पूर्ण सरकून भूल देऊनही जागेवर बसत नसतील, बसवल्यावर प्लास्टरमध्ये पुन्हा सरकली असतील, मुलाचे वय वाढीच्या उत्तरार्धातले असेल, किंवा रक्तवाहिनीस धोका असेल, तर शस्त्रक्रियेचा निर्णय न्याय्य होय. आणखी एक प्रकार विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे : अल्ना मोडलेले दिसते आणि त्याच वेळी कोपरापाशी रेडियसचे डोके निखळलेले असते. मिलानच्या मोन्तेज्जिया याने 1814 साली वर्णिलेली ही दुखापत कोपराचा एक्स-रे न काढल्याने निसटून जाते, आणि काही महिन्यांनी ती दुरुस्त करणे पहिल्या आठवड्यापेक्षा कितीतरी अवघड असते. म्हणून फिल्मवर मनगट व कोपर दोन्ही दिसावयास हवीत, हा आग्रह पालकांनीही धरावा. शासनाच्या जीवनदायी योजनेमुळे, जिला पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, ज्या कुटुंबांना पूर्वी शस्त्रक्रियेचा खर्च झेपत नसे त्यांनाही तो मार्ग खुला झाला, ही समाधानाची बाब होय. परंतु मार्ग खुला झाला एवढ्यावरून प्रत्येकाने तो चालावाच असे नाही, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या किंचित वाकलेल्या हाडासाठी सळईचा आग्रह धरणारा बाप आणि प्लास्टरने भागेल असे त्याला समजावणारा डॉक्टर, यांत डॉक्टरची बाजू बलवत्तर समजावी.

उपद्रवांत अग्रमान पहिल्या रात्रीच्या उपद्रवाला दिला पाहिजे, कारण त्याला दिलेली मुदत तासांची असते. अग्रबाहूतील स्नायू न ताणणाऱ्या आवरणांच्या कप्प्यांत बंद असतात. दुखापतीची सूज, हाड बसवताना सळई वारंवार आतबाहेर केल्याने झालेला रक्तस्राव आणि वरून घट्ट पट्टी, यांनी कप्प्यातील दाब वाढला की बारीक रक्तवाहिन्या मिटतात व स्नायू गुदमरतात; हाच तो कंपार्टमेंट सिंड्रोम, फोल्कमानने वर्णिलेल्या आखडलेल्या हाताचा जनक. सहा-आठ तास लोटले की स्नायूंची हानी भरून न येणारी होते. दोन-तीन प्रयत्नांत सळई पुढे सरकली नाही तर हट्ट न धरता लहानशी चीर देऊन हाड उघडे करून बसवावे, हा नियम याच भयातून आला आहे. परंतु शस्त्रवैद्याने नियम पाळला तरी रात्रीचा पहारा चुकत नाही. मोठा माणूस वेदनेचे वर्णन करतो; मूल ते करू शकत नाही. ते अस्वस्थ होते, चिडते, कुशीवरून कुशीवर वळते, आणि तासाभरापूर्वी दिलेले दुखणे कमी करण्याचे औषध पुन्हा मागते. वाढती बेचैनी, वाढती चिडचिड आणि औषधाची वाढती मागणी, ही तीन लक्षणे मुलाच्या बाबतीत नाडी बंद पडण्याच्या पुष्कळ आधी दिसतात. रात्री अकराच्या सुमारास नातवाजवळ बसलेली आजी म्हणते, "मघापासून जास्तच वरडतंय वं पोरगं," तेव्हा त्या वाक्याला तक्रार न समजता खबर समजावे, हाताची बोटे एकेक करून हलकेच सरळ करून पाहावी, आणि त्याने मूल किंचाळले तर डॉक्टर येईपर्यंत थांबू नये. पट्टी, कच्चे प्लास्टर व त्याखालचा कापूस कातडी दिसेपर्यंत कापून मोकळा करावा. बोटे गरम आहेत आणि नाडी लागते आहे, एवढ्यावर निर्धास्त राहणे घातक ठरते. पट्टी सोडूनही वेदना उतरली नाही तर कप्पे शस्त्राने मोकळे करावे लागतात, आणि वेळीच केलेल्या त्या चिरेचा व्रण हा गमावलेल्या हाताच्या मानाने अत्यंत क्षुल्लक सौदा होय.

पहिल्या पंधरवड्यातील उपद्रव मुख्यतः जखमेचे. उसाच्या फडात किंवा बैलगाडीखाली मोडलेल्या हाताच्या जखमेत शेतातली माती शिरते, आणि त्या मातीत धनुर्वाताचे व वायुकोथाचे जंतू असू शकतात. अशा जखमेला हळद, तंबाखू वा राख न लावता स्वच्छ फडके गुंडाळावे, धनुर्वाताची लस व जंतुनाशक औषध विनाविलंब मिळावे, आणि मुलाला वाटेत काही खाऊ-पिऊ घालू नये, कारण भरल्या पोटी भूल देणे जोखमीचे असते. सळईच्या टोकावर कातडी लाल होणे, टाचणीएवढ्या छिद्रातून पाणी येणे, ही किरकोळ दिसणारी चिन्हे दाखवण्यात टाळाटाळ झाली तर जंतू सळईच्या वाटेने हाडापर्यंत पोचतात. मनगटाच्या कडेने सळई घातली असता तेथील संवेदनेची एक बारीक शीर दुखावून अंगठ्याच्या मागची जागा बधिर होऊ शकते; बहुतेक वेळा ती हळूहळू सुधारते.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एक उपद्रव अगदी अनपेक्षितपणे पुढे येतो. मनगटाच्या पाठीमागून सळई घातलेली असेल, तर तिच्या टोकावर अंगठा उचलणारी कंडरा घासत राहते व एके दिवशी तुटते. मूल खेळत असते, दुखत नसते, जखम भरलेली असते. फक्त तळहात टेबलावर पालथा ठेवून अंगठा वर उचल म्हटले की तो उचलत नाही. त्यासाठी मग तर्जनीची एक कंडरा अंगठ्याकडे वळवण्याची दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. ही साधी कसोटी गुरुजींनीही आठवड्यातून एकदा घ्यावी. याच काळात अल्ना जुळण्यास विलंब झालेला आढळतो, विशेषतः दहा वर्षांपुढच्या मुलांत आणि उघड्या अस्थिभंगांत. घाई न करता वाट पाहिली तर बहुतेक जुळतात. दोन्ही हाडे एकाच पातळीवर मोडून फार चिरडली असतील तर मध्ये हाडाचा पूल तयार होऊन हात फिरणे थांबते, परंतु हा उपद्रव विरळ आहे. प्लास्टर काढल्यावर हात मोकळा व्हावा म्हणून तेल लावून जोराने चोळण्याची आपल्याकडील चाल मात्र सर्वथा वर्ज्य समजावी. मुलाच्या कोपराला त्याचे खेळणेच पुरेसा व्यायाम देते.

शेवटची मुदत पुन्हा मोडण्याची. नवे जुळलेले हाड फिल्मवर अखंड दिसले तरी पहिले काही महिने कच्चेच असते, आणि त्या काळात पुन्हा पडले तर त्याच जागी मोडते. आत सळई असेल तर तीही वाकते. सळईऐवजी प्लेट बसवली असेल, तर ती काढल्यावर स्क्रूची छिद्रे काही काळ दुर्बल राहतात. म्हणून सळई काढण्याची घाई करू नये, हा एक नियम. आणि ती काढण्यास विसरू नये, हा दुसरा. साधारण सहा महिने ते वर्ष या अवधीत, हाड चारही बाजूंनी भरून आल्याचे पाहून, ती काढतात. त्याहून फार काळ राहिली तर हाड तिच्यावर चढते आणि काढण्याची शस्त्रक्रिया घालण्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड होऊन बसते.

येथेच राहुरीचा प्रश्न इतर ठिकाणच्या प्रश्नापासून वेगळा होतो. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी कारखाना 1950-51 च्या हंगामात गाळप करू लागल्यापासून या टापूत ऊस आणि ऊसतोड यांचे चक्र बसले. 1968 साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने राहुरीचे नाव शेतकऱ्यांत सर्वदूर नेले. परंतु दिवाळीनंतर बीड, पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून उचल घेऊन येणारी आणि पट्टा पडला की गुढीपाडव्याच्या आगेमागे परतणारी कुटुंबे, हीदेखील या तालुक्याची तितकीच खरी ओळख आहे. पहाटे कोयता घेऊन आईबाप फडात जातात. मूल कोपीजवळ, बैलांजवळ किंवा गाडीच्या धुरेवर असते, आणि पौषात त्याचा हात मोडतो. राहुरी, नगर किंवा लोणी येथे शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, आणि सळई काढण्याची मुदत भरते तेव्हा ते कुटुंब गावी पेरणीत गुंतलेले असते, पुढच्या हंगामात कदाचित मुकादमाबरोबर दुसऱ्याच जिल्ह्यातील कारखान्यावर गेलेले असते. ज्या दप्तरात या मुलाची नोंद आहे ते एका गावी आणि मूल दुसऱ्या गावी, अशा स्थितीत कंडरा तुटणे, हाड पुन्हा मोडणे आणि सळई विसरली जाणे यांची नोंद कोणत्याच दवाखान्यात होत नाही. उपद्रवांचे ग्रंथोक्त वेळापत्रक आणि उसाच्या हंगामाचे वेळापत्रक यांचा मेळ घालणारी यंत्रणा आजमितीस आईबापच आहेत. आणि एका दिवसाची मजुरी बुडाली तर उचल फिटत नाही, हे त्यांचे गणित लक्षात घेतल्यावाचून त्यांना हलगर्जी म्हणणे अन्यायाचे होय.

म्हणून या पुस्तकातील उपाय यंत्रांचे नाहीत, कागदाचे आहेत. घरी पाठवताना दिल्या जाणाऱ्या कार्डावर कोणते हाड मोडले, कोणत्या वाटेने सळई घातली, ती कोणत्या महिन्यात काढावी आणि कोणत्या लक्षणांवर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, एवढे चार मुद्दे शुद्ध व सुवाच्य मराठीत लिहिले जावेत, अशी विनंती शस्त्रवैद्य-बंधूंना आहे; महिन्याचे नाव लिहिताना तारखेबरोबर 'पोळ्याच्या सुमारास' किंवा 'दसऱ्याआधी' असे लिहिले तर ते अधिक काळ स्मरणात राहते. पालकांनी एक्स-रेची फिल्म व कार्ड यांची छायाचित्रे मोबाइलमध्ये ठेवावी आणि मुकादमाच्या मोबाइलमध्येही पाठवून ठेवावी, म्हणजे पुढच्या गावच्या डॉक्टरास शून्यापासून आरंभ करावा लागणार नाही. साखरशाळेतील शिक्षक व आशा कार्यकर्त्या यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे, कारण अंगठ्याची कसोटी आणि तळहात पालथा-उताणा करण्याची कसोटी घेण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही.

सामान्य वैद्यक व्यावसायिकांना या पुस्तकात काही ठिकाणी पुनरुक्ती जाणवेल व काही ठिकाणी शास्त्रीय तपशील कमी वाटेल. तो दोष पत्करूनच ते पालकांसाठी लिहिले आहे. प्रकरणांचा क्रम शरीररचना, निर्णय आणि मुदतीनुसार उपद्रव असा आहे, आणि सवड असणाऱ्याने तो तसाच वाचावा. ज्याला सवड नाही, ज्याचे मूल आत्ता दवाखान्यात आहे आणि ज्याच्या हातात हे पुस्तक कोणीतरी नुकतेच ठेवले आहे, त्याने ही प्रस्तावना येथेच सोडून पहिल्या रात्रीचे प्रकरण उघडावे व ते मूल शस्त्रक्रियागृहातून बाहेर येण्यापूर्वी वाचून संपवावे.